एकतीस चारशे सात नंबरची पिन

सुलताना तांबोळीच्या टेबलासमोर पाहुण्यासाठी एक खुर्ची असायची. नोकरीला लागली त्याच वर्षी तिनं ती स्टोअरमधून मागून आणली होती. नंबर घ्यायला येणारा माणूस उभ्या उभ्या घाई करतो आणि घाईत नाव चुकतं, असं तिचं म्हणणं.

कंपनी भरे गावाच्या अलीकडे, फाट्यावरून आत. तिखट, हळद, दूध पावडर अशा वस्तूंच्या पिशव्या भरणारी मशीनं तिथं बनायची. एका मशीनला बाराशे-तेराशे पार्ट. डिझाइनवाल्यांनी पार्टचं ड्रॉइंग काढलं, की ते कारखान्यात जायच्या आधी त्याला नाव आणि नंबर लागायचा, आणि तो द्यायचं काम पंचवीस वर्षं सुलतानाकडं होतं.

"काय आहे?" ती विचारायची.

"मॅडम, गोल असं आहे, त्याला दोन भोकं..."

"ते नंतर. वस्तू काय आहे? पिन आहे, पट्टी आहे, बुश आहे?"

आधी वस्तूचं नाव, मग ती काय करते, मग ती कुठं बसते. पिन, लॉकिंग, वरचं झाकण. नावात मशीनचं नाव घालायचं नाही, कारण उद्या तीच पिन दुसऱ्या मशीनला लागली तर काय करणार? डावा आणि उजवा पार्ट कितीही सारखे दिसले तरी नंबर दोन. नवीन पोरंपोरी या शिस्तीला हसायची. कुणीतरी तिचंच नाव तसं लिहून तिच्या संगणकाला चिकटवलं होतं, 'तांबोळी, सुलताना, पौड'. तिनं ते काढलं नव्हतं.

एक नियम मात्र ती हसण्यावारी नेऊ द्यायची नाही. पार्टमध्ये बदल केला तर नंबर तोच ठेवून पुढं ए, बी, सी असं अक्षर चढवायचं, की सरळ नवा नंबर घ्यायचा, यावर रोज वाद व्हायचे. ती प्रत्येकाला तेच सांगायची. "जुना काढून नवा बसवला, मग नवा काढून जुना बसवला. दोन्ही वेळा मशीन बिनघोर चाललं पाहिजे. चाललं तर अक्षर चढवा. नाही चाललं तर ती वेगळी वस्तू झाली. वेगळ्या वस्तूला वेगळा नंबर."

दिवाळीनंतर कंपनीत नवी सिस्टिम आली. डिझाइनवाल्यानं आपल्या जागेवर बसून बटण दाबलं, की नंबर समोर. विचारणारं कुणी नाही, हुज्जत घालणारं कुणी नाही. सुलतानाला काढून टाकलं नाही, पगारही तोच राहिला. जुनी ड्रॉइंगं स्कॅन करून सिस्टिममध्ये चढवायचं काम तिला दिलं. ती कपाटातून एकेक कागद काढायची, मशीनवर पालथा घालायची, उचलायची, परत ठेवायची. कधी कधी सकाळी सुरक्षारक्षकाला 'नमस्कार' म्हटल्यानंतर संध्याकाळी बस कंडक्टरला 'पौड' म्हणेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

घरीही तेच होतं. पौडला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत वडिलांचं, नबीलालचं, घर होतं. आईवडील गेले, भाऊ रईस बायकापोरांसह पुण्यात कोंढव्याला राहायला गेला. पुतणी आलिया ईदला फोन करायची, "फुप्पी, कशी आहेस?" म्हणायची आणि मागून कुणी हाक मारली की फोन ठेवायची. वरच्या मजल्यावर कंपनीतली भाडेकरू मुलं होती, पण त्यांच्या पाळ्या अशा की त्यांच्या पायांचा आवाज यायचा, तोंडं दिसायची नाहीत. सुलताना एकोणपन्नास वर्षांची झाली होती. लग्नाचा विषय काढणारी माणसं एकेक करून कबरस्तानात गेली होती, आणि आपण एकटे आहोत हे तिला त्या कागदांच्या खोलीत बसेपर्यंत इतकं जाणवलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीचा फिटर कुशाबा साताऱ्याकडं एका मसाल्याच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला गेला आणि हाताला पट्टी बांधून परत आला. मशीनचं वरचं झाकण अठरा किलोचं. ते वर उचललं की एका पिनवर टेकून राहतं. कुशाबानं नवी पिन बसवली, झाकण वर केलं, आत हात घातला, आणि झाकण खाली आलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं. शेजारचं बोट दोन ठिकाणी मोडलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सगळीकडं तीच चर्चा होती. सुलताना आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसली होती. शेजारच्या टेबलावर स्टोअरचे हैबतराव सांगत होते, "माझ्याकडनंच पिन घेऊन गेला की. एकतीस चारशे सात. नंबर बघूनच दिली मी."

सुलतानाच्या हातातला घास तसाच राहिला.

तिला हजारो नंबर पाठ होते अशातला भाग नाही. पण हा होता. डबा झाकून ती वर गेली, कागदांच्या खोलीत शिरली आणि २०११ सालचं रजिस्टर काढलं. पान शोधावं लागलं नाही. 'पिन, लॉकिंग, वरचं झाकण. ३१४०७. बी.' अक्षर तिचंच होतं, जरा घाईत काढलेलं. पुढं तिची सही, आणि तिच्या शेजारी शंभू ढमालेची.

शंभू तेव्हा डिझाइनमध्ये होता. घोटवड्याचा. तिच्याहून दोन वर्षांनी लहान. सगळी कंपनी तिला ताई किंवा मॅडम म्हणायची, हा एकटा नुसतं सुलताना म्हणायचा. नंबर घेऊन झाला तरी खुर्चीवरून उठायचा नाही. बहिणीचं लग्न, गाडीची क्लचप्लेट, साहेबाची नक्कल, काहीही सांगत बसायचा. तिच्या डब्यातला खिमा त्याला आवडायचा, म्हणून आठवड्यातून एकदा ती तो जास्त आणायची. पाऊस असला की तिला फाट्यापर्यंत गाडीवर सोडायचा. यापुढं काही नव्हतं आणि होणार नव्हतं, हे तिला पुरतं माहीत होतं. त्याच्या घरचे कोण, आपल्या घरचे कोण, हेही माहीत होतं. तिचा विचार कधी फाट्याच्या पुढं गेला नाही. पण तिथपर्यंत तो रोज जायचा.

त्या वर्षी झाकण मोठं केलं, वजन वाढलं, म्हणून शंभूनं पिन दहा मिलिमीटरची बारा केली. मशीन शनिवारी निघणार होतं आणि तो गुरुवारी दुपारी तिच्यासमोर येऊन बसला.

"पिन तीच आहे. जरा जाड केलीय. बी चढव."

"भोकही बारा केलंस ना? मग जुन्या मशीनला ही पिन जाणार नाही. नवा नंबर घे."

"नवा नंबर म्हणजे सगळी यादी बदला, पुस्तक बदला, साहेबांची सही आणा. साहेब अहमदाबादला. मशीन राहिलं तर माझी शोभा होईल."

"आणि जुनी पिन नव्या भोकात घातली तर?"

"कोण घालेल? स्टोअरमधल्या जुन्या पिना मीच काढायला लावतो. आजच." मग त्यानं पुढं वाकून हळूच म्हटलं, "चढव ना. माझ्यासाठी."

तिनं बी चढवली. पंचवीस वर्षांत तेवढीच एकदा.

आपण कुणासाठी तरी काहीतरी केलं, ही गोष्ट तिनं जपून ठेवली होती. सहा महिन्यांनी शंभू हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत गेला. त्याच्या लग्नाची पत्रिका आली, पाकिटावर 'सर्व स्टाफ' असं लिहिलेलं. तेव्हाही तिला वाटलं होतं, ते एक काम आपण त्याच्यासाठी केलं होतं, ते या 'सर्व स्टाफ'मध्ये येत नाही.

रजिस्टर तसंच उघडं ठेवून ती खाली स्टोअरमध्ये गेली. हैबतराव जेवून परतले होते.

"हैबतराव, एकतीस चारशे सातचा डबा द्या. आणि व्हर्नियर."

निळ्या प्लास्टिकच्या डब्यात चाळीसेक पिना होत्या. तिनं एकेक उचलून मोजायला घेतली. बारा. बारा. दहा. बारा. दहा. दहा. तेल लागलेल्या, सारख्याच चकाकणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना पटकन फरक न कळणाऱ्या.

हैबतरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आता ह्या दहाच्या कुठनं आल्या?"

"जुन्या मशीनवाल्यांना दहाचीच लागते ना. त्यांच्या मागण्या आल्या तेव्हा कारखान्यात जुन्या कागदावरून बनवल्या असतील. नंबर तोच. मग डबाही तोच."

"माझं काही चुकलं का, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचं नाही."

दहाची पिन बाराच्या भोकात सहज जाते. थोडी हलते. झाकण वर ठेवलं तर धरून ठेवल्यासारखं वाटतं. मशीनला धक्का बसला की सटकते.

दोन दिवसांनी अपघाताचा अहवाल फाइलला लावण्यासाठी तिच्याकडं आला. डिझाइन विभागाच्या प्रमुख दिशानं तो तयार केला होता. दिशा तिशीतली, हुशार, कामात वाघ, कुणाशी वाईट न वागणारी. नवी सिस्टिम तिनंच आणली होती. अहवालात कारण दिलं होतं, 'ड्रॉइंगप्रमाणे पिन बारा मिलिमीटरची असताना फिटरने दहा मिलिमीटरची पिन बसवली. काम करताना पुरेशी काळजी घेतली नाही.'

सुलताना अहवाल आणि रजिस्टर घेऊन तिच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, हे बरोबर नाही. कुशाबांनी नंबर बघून पिन घेतली. नंबरच दोन पिनांना एक आहे."

दिशानं सिस्टिम उघडून दाखवली. "ताई, इथे एकच ड्रॉइंग आहे. बारा."

"शेवटची ड्रॉइंगं तेवढी चढवायची, असं ठरलं होतं ना? हे मीच स्कॅन केलंय. मागचं ड्रॉइंग कपाटात आहे. त्यात दहा आहे." तिनं पान पुढं केलं. "इथं नवा नंबर द्यायला हवा होता. मी दिला नाही."

पान वाचून दिशानं दार लोटून घेतलं.

"ताई, हे दोन हजार अकराचं आहे. तेव्हा मी कॉलेजला होते. आता सिस्टिममध्ये असं होऊच शकत नाही, मग हे कशाला उकरायचं? तुमचंच नाव येणार. रिटायरमेंटला दहा वर्षं पण नाही राहिली तुमची."

"आणि कुशाबांचं नाव आलंय, त्याचं काय?"

"त्यांना काही ॲक्शन नाहीये. फक्त एक ओळ आहे."

"ती ओळच खोटी आहे."

दिशानं कपाळाला हात लावला. "ओके. पण नुसत्या तुमच्या शब्दावर मी रिपोर्ट कसा बदलू? हे शंभू ढमाले कोण, त्यांनी कन्फर्म केलं तर बघू. त्यांचा काही कॉन्टॅक्ट आहे?"

"आहे," सुलताना म्हणाली.

शंभूचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. तीन फोन बदलले तरी प्रत्येक वेळी तो पुढं आला होता, पण तेरा वर्षांत तिनं तो लावला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ती कंपनीच्या मागं, लोखंडाचं भंगार ठेवतात त्या बाजूला गेली. फोन वाजत असताना तिनं ओढणी दोनदा नीट केली.

"हॅलो, कोण?"

"सुलताना बोलतेय."

"कोण सुलताना?"

"भऱ्याची. कंपनीतली."

"अं... हां हां! सुलताना मॅडम! त्या नंबरवाल्या ना? बोला बोला, कशा आहात?"

आवाज जाड झाला होता, पण हसण्याची ढब तीच. तिनं सगळं सांगितलं. पिन, झाकण, कुशाबाचं बोट.

"मॅडम, खरं सांगू, मला काहीच आठवत नाहीये. कुठली पिन, कुठलं झाकण. तिथं मी हजार तरी पार्ट काढले असतील. केलं असेल, गडबडीत. तसं तेव्हा सगळेच करायचे की."

"सगळे नाही करायचे. मी करू द्यायची नाही. हे एकदाच झालं."

"असेल असेल." मग त्याचा आवाज सावध झाला. "पोलीस केस वगैरे झालीय का? म्हणजे माझं नाव कुठं येणारे का?"

"तुमची सही आहे रजिस्टरमध्ये."

'तुमची' हा शब्द तिच्या तोंडून आपोआप गेला. त्यानं तो ऐकलाही नाही.

"बघा, मॅडम, मी आता त्या लाइनमध्येच नाही. सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला कशाला ओढता? काय ते तुमच्या लेव्हलला मिटवा. चला, मीटिंग आहे, ठेवतो."

फोन बंद झाल्यावर ती तिथंच उभी राहिली. समोर भंगारात कापलेल्या पत्र्यांच्या पट्ट्या गुंतून पडल्या होत्या. त्याला राग आला असता, त्यानं नाही म्हटलं असतं, दोष तिच्यावर टाकला असता, तर तिला चाललं असतं. पण त्याला आठवतच नव्हतं. मग तेरा वर्षं तिनं जपलं ते नेमकं काय होतं? दोघांमधलं काहीतरी, असं ती समजत होती. ते तिचं एकटीचंच होतं. भोंगा झाला तरी तिचा पाय उचलेना.

रविवारी ती बसनं भरे गावात गेली. कुशाबाचं घर रस्त्यालाच होतं. पुढं जुनं कौलारू, मागच्या रानात पत्र्याच्या खोल्यांची ओळ, कामगारांना भाड्यानं दिलेली. कुशाबा ओट्यावर बसला होता, डावा हात गळ्यात अडकवलेला. त्याची बायको गोजराबाई सुपात पावटे निवडत होती.

"या या, ताई," कुशाबा उठायला लागला. "अगं, आमच्या हापिसातल्या सुलतानाताई. च्या ठेव."

"चहा नको, वहिनी. आधी माझं ऐकून घ्या."

तिनं उभ्यानंच सांगितलं. न चुकता, काही न गाळता, अगदी ड्रॉइंग वाचून दाखवावं तसं. शंभूचं नाव घेतलं, 'माझ्यासाठी' हा शब्दही सांगितला. तो सांगायची गरज नव्हती, पण तो गाळला तर बाकीचं खरं राहत नाही असं तिला वाटलं.

कुशाबा ऐकताना आपल्या पट्टीकडं बघत होता.

"जरा हालत व्हती," तो म्हणाला. "बसवताना मला कळलं व्हतं. मी म्हनलं, हितं काय तरी येगळं लागतंय. मग पिशवीवरचा नंबर पुन्यांदा बगितला. नंबर बराबर. म्हनलं, सुलतानाताईचा नंबर हाय, चुकायचा न्हाई. आपलाच हात हालत आसंल."

सुलतानाला तोंड वर करता येईना.

"म्हंजी माझं चुकलं न्हाई म्हनायचं?" त्यानं विचारलं.

"नाही. तुमचं काहीच चुकलं नाही, कुशाबाभाऊ."

त्यानं मोठा श्वास सोडला. "आसं हाय व्हय. आवो, आठ दीस झालं, मला झोप न्हाई. बोटाचं न्हाई वो काय, बोट गेलं तर गेलं. पन मला वाटाय लागलं, की कुशाबा, आता तुजा हात गेला. तीस वर्सं पिना बसवल्या आन आता तुला दहा आन बारा कळंना. आता तुजं काम संपलं."

"तुमी गप बसा," गोजराबाईनं सूप खाली आपटलं. पावटे ओट्यावर उडाले. ती उठून सुलतानासमोर आली. "आन काय वो बाई, त्या दोस्ताचं मन राखायला तुमी ह्यांचं बोट घालवलंत व्हय? आता एका हातानं भाकरीचा तुकडा मोडता येईना ह्यांना. माझ्या म्होरं खाया लाजत्यात. हितं येऊन सांगितलं म्हंजी झालं का तुमचं मोकळं?"

"नाही, वहिनी," सुलताना म्हणाली. "मोकळं होत नाही."

"गोजरा, पुरं," कुशाबा म्हणाला. "बाई सोताहून आलीया."

"आली तर आली. मी काय पाय धुवू तिचं?" आणि गोजराबाई आत निघून गेली. आतून भांडी आदळल्याचा आवाज आला. चहा आला नाही.

कुशाबानं जरा वेळानं विचारलं, "आता हापिसात काय सांगनार?"

"हेच."

"तुमाला तरास व्हईल."

"होऊ दे."

त्यानं मान हलवली. सुलतानानं वाकून ओट्यावर सांडलेले पावटे गोळा केले, सुपात टाकले आणि ती निघाली. फाट्यावर बसला वेळ होता. दुपारच्या उन्हात ती पाऊण तास उभी राहिली. ओळखीचं कुणी गेलं नाही.

सोमवारी तिनं दोन पानांचं निवेदन लिहून दिशाच्या टेबलावर ठेवलं. सोबत दोन्ही ड्रॉइंगं, रजिस्टरच्या पानाची प्रत, आणि एका कागदाला चिकटवलेल्या दोन पिना, एक दहाची, एक बाराची. दिशानं वाचलं. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "त्यांनी कन्फर्म केलं का?"

"त्यांना आठवत नाही."

"मग तुम्ही एकट्याच अडकताय."

"सही माझी आहे, मॅडम. दोघांची होती, पण नंबर मी दिला."

संध्याकाळपर्यंत दिशानं अहवालातली ती ओळ काढली आणि नवी घातली, 'दोन वेगळ्या मापांच्या पिनांना एकच नंबर असल्यामुळे अपघात झाला. फिटरचा दोष नाही.' सुलतानाच्या फाइलला एक ताकीदपत्र लागलं. चार ओळींचं. ते फाइलला लावायचं कामही तिचंच होतं, तिनं लावलं.

एकतीस चारशे सात हा नंबर कायमचा बंद झाला. दोन्ही पिनांना नवे नंबर घ्यायचे ठरले तेव्हा दिशा म्हणाली, "ताई, तुम्ही घ्या." सुलतानानं दिशाच्या संगणकावर बटण दाबलं, एक नंबर आला. नाव टाकून दुसऱ्यांदा दाबलं, तर मधला एक नंबर सुटला होता. तेवढ्या वेळात शेजारच्या खोलीतल्या कुणीतरी आपल्या कसल्याशा पार्टसाठी तो घेतला होता. तिला त्या दोन्ही पिना शेजारी शेजारी हव्या होत्या. "चालेल ना?" दिशानं विचारलं. "चालेल," ती म्हणाली.

ज्यांच्याकडं मोठ्या झाकणाची मशीनं होती त्या सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रं गेली. माणसं जाऊन पिना मोजून आली. नगरकडच्या एका दूध पावडरच्या कारखान्यात आणखी एका मशीनमध्ये दहाची पिन निघाली. तिथं रोज दोन बायका झाकण उचलून आत हात घालून साफसफाई करायच्या. त्यांना काही झालं नव्हतं. ही बातमी सुलतानाला हैबतरावांनी सांगितली तेव्हा ती जागेवरच बसली आणि बराच वेळ पाण्याची बाटली हातात धरून राहिली.

मग तिच्या मनानं एक घेतलं. आपण शपथेवर सांगतो की असं एकदाच झालं, पण कशावरून? आठवणीचा काय भरवसा? शंभूला तर काहीच आठवलं नव्हतं. तिनं पहिल्या वर्षाचं रजिस्टर काढलं. जिथं जिथं अक्षर चढवलं होतं त्या प्रत्येक पार्टची दोन्ही ड्रॉइंगं शेजारी ठेवून ती मापं ताडून बघू लागली. जुना काढून नवा, नवा काढून जुना. स्कॅनिंगचं रोजचं काम उरकून, जेवणाची सुट्टी पाच मिनिटांत आटपून, शनिवारी अर्धा दिवस जास्त थांबून. फेब्रुवारी गेला. मार्चात रोजे आले. ती उपाशीपोटी कागद उलटत बसायची आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं. जुन्या ड्रॉइंगांवर सोडून गेलेल्या माणसांच्या सह्या भेटायच्या. शंभूच्या सह्याही खूप भेटल्या. पहिल्या काही वेळा तिचं बोट तिथं थांबलं. नंतर ती ते माप बघायची आणि पान उलटायची.

कुशाबा एप्रिलात कामावर परतला. त्याला फिटिंगवरून काढून तपासणीला बसवलं होतं. जिन्यात भेटला तेव्हा त्यानं हात उचलून "बरं हाय ना, ताई?" म्हटलं. ती "बरं आहे, भाऊ" म्हणाली. गोजराबाईचं कसं आहे, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तोवर तो पुढं गेला होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचं रजिस्टर संपलं. आणखी एकही तसला नंबर सापडला नाही. एकच होता. तिनं रजिस्टर मिटलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि दिशाच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. दिशा कुणाशीतरी संगणकावर बोलत होती. तिनं एका बोटानं 'एक मिनिट' अशी खूण केली. सुलताना थांबली. चार-पाच मिनिटांनी दिशानं कानावरचा हेडफोन काढला.

"बोला, ताई."

"सगळं तपासून झालं, मॅडम. दुसरा कुठला नाही."

"दुसरा काय?"

सुलताना क्षणभर गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं, आपण हे काम करतोय हे आपण कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"जुने नंबर," ती म्हणाली. "पंचवीस वर्षांतले. सगळे बघितले. दोन वस्तूंना एक नंबर, असं परत कुठं नाही."

"सगळे? तुम्ही एकट्यानं?"

"हो."

"अहो ताई... कुणी सांगितलं होतं?" आणि मग ती काहीतरी चांगलं बोलायला शोधत असावी, पण संगणकातून कुणीतरी तिला हाक मारली. "थँक यू हं," ती म्हणाली आणि हेडफोन परत लावला.

सुलताना जागेवर आली. पर्स उचलली, दिवे मालवले, खाली येऊन रजिस्टरला वेळ टाकली. फाट्यावर पौडची बस समोरच उभी होती, म्हणून ती पळाली. कंडक्टरनं दोरी ओढायचं थांबवून तिला आत घेतलं. खिडकीची जागा मिळाली. बाहेर डोंगरांच्या कडेला ऊन अजून होतं. तिनं मोबाइल काढला, नावांची यादी खाली सरकवत शंभूच्या नावावर आली आणि ते पुसून टाकलं. मग आलियाला फोन लावला. सणवार काही नव्हता. तीनदा वाजला.

"फुप्पी? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. काही नाही झालं," सुलताना म्हणाली. "बसमध्ये आहे. बोलावंसं वाटलं."